तहसीलसमोरचं दुकान बंद करू का?

मावशी, नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयासमोर माझं टायपिंग, झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. वय २९. बी.कॉम. झाले, मराठी ३० आणि इंग्रजी ४० ची टायपिंगची परीक्षा पास आहे, एमएस-सीआयटी केलं. दुकानाला सात वर्षं झाली. आधी दिवसाला पंचवीस-तीस अर्ज टाइप व्हायचे, आता पाच-सहा. पोरं मोबाइलवर एआयकडून अर्ज लिहून आणतात आणि म्हणतात, ‘ताई, फक्त प्रिंट दे.’ पाच रुपये ठेवून जातात. लग्नाचा बायोडाटा तर आता कुणी करून घेतच नाही.

बाबा नाहीत. तीन एकर कोरडवाहू आहे, आई आपल्या वावरात राबून दुसऱ्याकडं वेचणीलाही जाते. भाऊ अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या कॉलेजात यंदा कंपन्या फारशा आल्या नाहीत. मामा म्हणतात, दुकान विकून पुण्याला ये, डेटा एंट्रीच्या कामाला लावून देतो. नागपूरचा एक क्लासवाला ४८,००० रुपयांत चार महिन्यांचा एआय कोर्स शिकवून नोकरीची हमी देतो. आई म्हणते, माझं सोनं गहाण ठेव पण शीक. मी काय करू? सात वर्षं जे शिकले ते सारं वाया गेलं का?

— एक वाचक, जि. यवतमाळ

पोरी,

सगळ्यात आधी आईचं सोनं. ते गहाण ठेवू नकोस. नोकरी देणं कोणत्याच क्लासवाल्याच्या हातात नसतं. तरी मन खात असेल तर त्याच्याकडं जाऊन एवढंच विचार: नोकरी लागली नाही तर किती दिवसांत किती पैसे परत, हे स्टॅम्प पेपरवर लिहून देता का? फी नोकरी लागल्यावर पगारातून घेता का? तो काय म्हणतो ते ऐकून घे आणि घरी ये. चॅटजीपीटी लोकांच्या हातात आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. तेव्हापासून ही साधनं इतक्या झपाट्यानं बदलत आली आहेत की चार महिने घोकलेलं वर्षभरात जुनं होतं. तुला वापरायला जे लागेल ते मोबाइलवर फुकट मिळतं, मराठीत बोललं तरी चालतं. पद्धतशीर शिकायचंच असेल तर सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर एआयचे कोर्स मोफत आहेत, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तेवढीच फी.

आता दुकानाचं. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. पानामागं पैसे मिळायचे, ते टायपिंग परत येणार नाही. पाच-सहाचे उद्या दोन-तीन होतील. पण गिऱ्हाईक कमी झालं त्याचा सगळा दोष एआयवर टाकू नकोस, नाहीतर उपाय चुकेल. जुन्या वह्या काढून बघ. पीक पाहणी २०२१ पासून कास्तकार स्वतःच्या मोबाइलवर करायला लागले. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. एक रुपयातला पीक विमा २०२३ मध्ये आला तेव्हा तुझ्या दुकानासमोर सकाळपासून रांग लागली असेल. २०२५ मध्ये ती योजना बंद झाली आणि रांगही गेली. यातलं काहीच एआयनं केलेलं नाही. सरकारी कामं फोनवर गेली, योजना आल्या-गेल्या आणि त्यावर शेवटी हे अर्ज लिहिणारं यंत्र आलं, असे तीन घाव तुझ्यावर एकामागून एक पडले आहेत.

तू विचारलंस, सात वर्षं वाया गेली का. त्याचं उत्तर मी २०२६ च्या संक्रांतीच्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या माहेरच्या तालुक्याला एका कामासाठी गेले होते. तुझ्यासारखंच एक दुकान, टिनाचं, दोन खुर्च्या मावतील एवढं. चालवणारी बाई चाळिशीची. एक म्हातारे कास्तकार नातवासोबत आले. नातवानं मोबाइल पुढं केला, ‘आत्या, याची प्रिंट काढून द्या.’ मी शेजारीच बसले होते, तिनं मलाही दाखवलं. अर्ज सुरेख होता. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सविनय सादर’, एकही वेलांटी चुकलेली नाही. विषय पांधणीचा: शेतात जायचा रस्ता मिळावा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं होता आणि त्यात महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ टाकलेलं होतं.

तिनं प्रिंट काढली नाही. चष्मा वर करून म्हाताऱ्यांना विचारलं, ‘आबाजी, रस्ता नवा पाहिजे का जुना अडवला?’

‘जुना. माझ्या आज्यापासून तिथूनच बंडी जाते. शेजाऱ्यानं नाली खोदली.’

‘कधी खोदली?’

‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.’

तिनं बोटांवर मोजलं. पोळा २२ ऑगस्ट २०२५ ला होता. पाच महिने होत आले होते. ‘आबाजी, एक महिना उरला आहे तुमच्याकडं,’ ती म्हणाली.

का, ते तुला माहीत असेलच, पण बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. कलम १४३ आहे ते नवा रस्ता धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मिळावा म्हणून. आधीपासून असलेला रस्ता कुणी अडवला तर वाट वेगळी: मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. दावा तहसीलदारासमोर करायचा आणि अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्यात अडथळा कोणत्या तारखेला झाला ते लिहावं लागतं. तो सुरेख अर्ज जिल्ह्याला गेला असता तर तिथून तालुक्याला येईपर्यंतच मुदत टळली असती.

मी यंत्राला नावं ठेवत नाही. त्याला १९०६ चा कायदा ठाऊक नाही असंही नाही. नीट विचारलं असतं तर त्यानं तोही सांगितला असता. पण नातवानं टाइप केलं होतं ‘शेतात जायला रस्ता मिळण्याबाबत अर्ज’, आणि जे मागितलं ते त्याला मिळालं. काय विचारायचं हेच त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ते त्या बाईला ठाऊक होतं, कारण अशी पन्नास प्रकरणं तिच्या टेबलावरून गेली होती आणि त्यातली काही मुदतीवर फेटाळलेली तिनं पाहिली होती.

मग तिनं नवा अर्ज केला, दोन्ही गटांचे सातबारे जोडायला लावले, शेजाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता घेतला, हाताने कच्चा नकाशा काढून घेतला, आणि सांगितलं की शेजारी भांडायला उभा राहिला तर वकील लावा, ते माझं काम नाही. पाऊण तास गेला. मग म्हाताऱ्यांकडून वीस रुपये घेतले. दोन पानं, दहा रुपये पान.

पोरी, माझा जीव तिथं अडकला. तिनं टायपिंगचे वीस रुपये घेतले, आणि ज्या दोन प्रश्नांनी त्या म्हाताऱ्यांचा रस्ता वाचवला त्याचे काहीच घेतले नाहीत. तूही सात वर्षं हेच करत असशील. टायपिंगचा भाव पडला म्हणून तुला वाटतं की आपला भाव पडला.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये लाखो लोकांच्या पगाराच्या नोंदी तपासून एक गोष्ट मांडली. एआयची झळ सगळ्यात जास्त बसेल अशा कामांत, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणं, ग्राहकांच्या फोनला उत्तरं देणं वगैरे, २२ ते २५ वर्षांच्या पोरापोरींचा रोजगार बाकीच्या मानानं १३ टक्क्यांनी घटला. त्याच कामातल्या वयानं मोठ्या, अनुभवी लोकांचा टिकून राहिला, काही ठिकाणी वाढलाही. अभ्यासकांना त्याचं एक कारण असं दिसतं की पुस्तकात लिहून ठेवलेलं ज्ञान यंत्र उचलतं. काम करता करता अंगात मुरलेलं त्याला तितकंसं उचलता येत नाही. नव्या पोरांकडं पुस्तकातलंच असतं. हे तुझ्या भावालाही लागू आहे, त्याच्याकडं येतेच. तुझ्याकडं मात्र सात वर्षांचं मुरलेलं आहे. फक्त ते कुठं लिहिलेलं नाही आणि त्याचा भाव कुठं लावलेला नाही.

म्हणून एक वही घे. दोनशे पानी. वारस नोंद, पांधण, सातबाऱ्यावरची नावातली चूक, विहिरीची नोंद, बोजा कमी करणं, उत्पन्नाचा दाखला, जे जे तुझ्याकडं येतं त्याला दोन-दोन पानं दे. त्यावर लिही: गिऱ्हाइकाला पहिले काय विचारायचं, अर्ज कुणाच्या नावानं, कोणते कागद, किती दिवस, कुठं अडतं. सातबाऱ्यावर ‘रामाजी’ आणि आधारवर ‘रामभाऊ’ असेल तर काय काय अडतं हे तुला झोपेतही सांगता येईल, पण लिहून काढशील तेव्हा तुलाच कळेल आपल्याला किती येतं. सातबारा लिहिताना झालेली चूक असेल तर तहसीलदाराकडं कलम १५५ खाली दुरुस्ती. पण चूक जुन्या फेरफारातच असेल तर गोष्ट वेगळी. हा फरक ज्याला कळत नाही तो वर्षभर हेलपाटे घालतो. एका हेलपाट्यात कास्तकाराची दिवसाची रोजी बुडते आणि एसटीचं भाडं वर.

मग पाटी बदल. ‘टायपिंग व झेरॉक्स’ राहू दे, पण वर मोठ्या अक्षरात लिही: ‘अर्ज तपासून मिळेल’. मोबाइलवरून लिहून आणलेला अर्जही तपासून मिळेल असं आवर्जून लिही. त्या पोरांवर रागावू नकोस, तेच आता तुझं गिऱ्हाईक आहेत. तपासायचे पन्नास, पूर्ण प्रकरण तयार करायचे दोनशे, जे तुझ्या गावाला झेपेल ते ठरव आणि दर भिंतीवर लाव. पानामागं घेऊ नकोस, कामामागं घे. म्हातारी-कोतारी, विधवा बाया, त्यांना कमी कर किंवा सोडून दे, ते तुला सांगायला नको. पण ज्या सरकारी सेवेची फी सरकारनं ठरवून दिली आहे, आणि तुझ्याकडं सरकारी सेवा केंद्राचा परवाना असेल, तिथं वर एक रुपया घेऊ नकोस. परवाना जाईल आणि नावही जाईल. वादाचं, कोर्टाचं प्रकरण आलं की वकिलाकडं पाठव.

आणि एआय तू स्वतः वापर. मसुदा त्याला करू दे. तू फक्त बोल: कुणी, कुणाविरुद्ध, कोणत्या तारखेला, काय. दोन मिनिटांत मसुदा येईल, त्यातलं पद, कलम, तारीख, गट नंबर तू तपासायचं. यंत्र न चाचरता चुकीचं कलमही लिहून देतं, म्हणून कायद्याचं नाव आलं की मूळ कायदा उघडून पाहायचा, रोज, कंटाळा न करता. आणखी एक, हे अगदी पक्कं: कुणाचा आधार नंबर, बँक खातं, ओटीपी, आजारपणाचा कागद त्यात टाकायचा नाही. नावाच्या जागी ‘अर्जदार’ लिही, प्रिंट काढताना नाव भर. लोक तुझ्याकडं आधारची झेरॉक्स ठेवून बिनधास्त चहा प्यायला जातात. तो विश्वास दुकानापेक्षा मोठा आहे.

पत्रात तू बी.कॉम. एका शब्दात उरकलंस, मला ते खटकलं. तुझ्या तालुक्यात बचत गट किती आहेत? शेतकरी उत्पादक कंपन्या किती? केंद्रानं २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संस्था उभ्या करायची योजना आणली, तेव्हापासून आपल्याकडं गावोगावी त्या निघाल्या. त्यांची किर्द-खतावणी, मासिक हिशेब, सभेचं इतिवृत्त, जीएसटीची बिलं वेळच्या वेळी ठेवणारं माणूस त्यांना हवं असतं. सीए यवतमाळला बसतो, तो महिन्याला येत नाही. दोन गट आणि एक कृषी सेवा केंद्र धरलंस तरी महिन्याला बांधील रक्कम येईल. कापसाच्या हंगामात आणखी. हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) नोंदणी २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर गेली. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० होता. व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या खाली असला की हजारो कास्तकारांना ते ॲप लागतंच. फोन जुना, नंबर आधारला जोडलेला नाही, ओटीपी पोराच्या फोनवर आणि पोरगा पुण्याला, असं गिऱ्हाईक तुला हंगामभर पुरेल.

मामांना मी वाईट म्हणत नाही, त्यांना भाचीची काळजी आहे. पण डेटा एंट्रीसाठी पुण्याला जाऊ नकोस. यंत्र सगळ्यात आधी जी कामं घेतं त्यात ते वरच्या नंबरवर आहे. तू टायपिंगमधून उठून टायपिंगमध्येच जाशील, वर खोलीभाडं. एरवी कंपन्यांचंही सगळं ठरलेलं नाही. स्वीडनच्या क्लार्ना नावाच्या कंपनीनं २०२४ मध्ये सांगितलं की आमचा एआय ७०० माणसांचं काम करतो, आणि २०२५ मध्ये ग्राहकसेवेसाठी माणसं पुन्हा घ्यायला लागली, कारण दर्जा घसरला होता. त्यामुळं पुणं कायमचं सोड असं मी म्हणत नाही. जायचंच झालं तर मामांना विचार, कामात माणसाशी बोलणं किती, निर्णय घेणं किती. नुसतं पडद्यावरून पडद्यावर उतरवणं असेल तर नको.

भावानं कॉलेज सोडायचं नाही. शेवटचं वर्ष आहे, पदवी हातात येऊ दे. पण त्याला खरं सांग: टीसीएससारख्या कंपनीनं जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं. कारण त्यांनी एआय सांगितलं नाही, माणसांची कौशल्यं कामाशी जुळत नाहीत असं सांगितलं. तरी घरादाराला त्याचा अर्थ सारखाच. हजारो पोरं एकदम भरून त्यांना आत शिकवायचं, ही जी वाट होती ती अरुंद झाली आहे. म्हणून त्यानं शिकाऊ म्हणून कुठंतरी खऱ्या कामात हात घालायला हवा, पगार थोडा असला तरी. अमरावतीच्या एखाद्या दवाखान्याचं रेकॉर्ड असो, बाजार समितीतल्या अडत्याचा हिशेब असो, जिनिंगचा वजनकाटा असो. परीक्षा झाल्यावर महिनाभर तुझ्या दुकानात बसव आणि तुझ्या त्या वहीवरून एक साधं काहीतरी बनवायला सांग, ज्यात गिऱ्हाईक आलं की प्रश्न एकामागून एक समोर येतील आणि शेवटी कागदांची यादी निघेल. मुलाखतीत असं एक दाखवणं दहा प्रमाणपत्रांपेक्षा जड पडतं. स्पर्धा परीक्षेचं म्हणत असेल तर करू दे, पण शेवटचं वर्ष कोणतं ते आधीच ठरवून. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते.

तुझ्या आईविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. अर्ज लिहिणारं, चित्र काढणारं यंत्र आलं, पण आपल्या वावरात कापूस वेचणारं अजून नीट आलं नाही. आपली पराटी एका उंचीची नसते, बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या कराव्या लागतात. कोणतं बोंड आज घ्यायचं आणि कोणतं चार दिवसांनी, हे तिच्या बोटांना कळतं. ते काम टिकलं आहे, पण त्याचा दाम कधीच पुरेसा नव्हता, म्हणून काम टिकलं यात मला समाधान वाटत नाही. आणि काही कामं यंत्रानं घेतलेलीच बरी. २०१७ च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं विषबाधेनं गेली. त्या पाठीवरच्या पंपाच्या जागी ड्रोन आला तर मी हात जोडीन, मात्र ज्याची रोजी जाईल त्याला तो ड्रोन चालवायला शिकवा असंही त्याच दमात म्हणेन. तुमच्याकडं बचत गटाला ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून ड्रोन मिळाला असेल तर चौकशी करून ठेव. हिशेब आणि बुकिंगचं काम तिथंही निघतं.

तर मे अखेरपर्यंत दुकान विकायचं नाही, एवढं माझं ऐक. या तीन महिन्यांत वही, पाटी, दोन बचत गट. रोजची आवक दोन रकान्यांत लिही, एकात प्रिंट-टायपिंग, दुसऱ्यात तपासणी आणि हिशेबाची कामं. जूनच्या पेरणीआधी दुसऱ्या रकान्यातून दुकानाचं भाडं आणि लाइटबिल निघत नसेल तर मला पुन्हा लिही, दोन्ही रकाने सोबत पाठव. मग मामांशी काय बोलायचं ते मिळून ठरवू.

— तुझी मावशी